दरसाल एक मिलिमीटर

एक हेक्टर रानावरची एक मिलिमीटर जाडीची माती गोळा केली, तर तिचे वजन सुमारे तेरा टन भरते. म्हणजे ट्रॅक्टरच्या चार-पाच ट्रॉल्या. एवढी माती कुणी रात्रीतून भरून नेली, तर सकाळी बांधावर तलाठी आणि पंच गोळा होतील, प्रकरण तालुक्याला जाईल. तीच माती पावसाळ्याच्या चार महिन्यांत बांध फोडून ओढ्याला लागते, तेव्हा तक्रार कुठेच नोंदत नाही. एक मिलिमीटर डोळ्याला दिसतच नाही.

ध्रुवनारायण आणि राम बाबू या मृद्संधारण शास्त्रज्ञांनी १९८३ साली साऱ्या देशाचा अंदाज मांडला. दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.४ टन माती जागची हलते, असे त्यांचे गणित सांगते. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्राला मिळते, १० टक्के धरणांच्या पोटात बसते आणि उरलेली एका ठिकाणची दुसऱ्या ठिकाणी जाते. १६.४ टन म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. चाळीस वर्षांत पाच सेंटिमीटर. मशागतीचा कसदार थर पंधरा-वीस सेंटिमीटरचा असतो, हे ध्यानात घेतले तर आजोबांनी कसलेले रान आणि नातवाच्या हाती आलेले रान सातबाऱ्यावर सारखे असले, तरी मातीने सारखे नसते.

शेती टिकेल की नाही, हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी अशाच संथ असतात. विहिरीच्या तळाशी पाणी दरसाल थोडे कमी मुरते, पाण्याबरोबर आलेले मीठ रानात थोडे थोडे साचते, मातीतला कर्ब हळूहळू जळून जातो. यंदाच्या उताऱ्यात यातले काही उमटत नाही, कारण खताची मात्रा वाढवून ते झाकता येते. न दिसणारा हा वेग मोजण्यासाठी शास्त्रज्ञ मॉडेल वापरतात. माती आणि पाणी कोणत्या नियमांनी येते-जाते ते सूत्रांत बांधायचे, आपल्या रानाचे आकडे त्यात भरायचे आणि ‘असेच चालू राहिले तर?’ किंवा ‘हे बदलले तर?’ असे प्रश्न विचारायचे.

एका जिल्ह्यातली अनेक राने

असे प्रश्न विचारायला बेळगाव-निपाणीचा सीमाभाग फार योग्य आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो. बेळगाव शहराकडे तो हजार-बाराशेच्या आसपास येतो आणि अथणीच्या बाजूला पाच-सहाशेवर उतरतो. हा सगळा फरक एकाच जिल्ह्यात.

जमिनीचेही तसेच. दख्खनच्या काळ्या पाषाणाची दक्षिण कड या भागात संपते. बेळगाव-खानापूरकडे जांभा आणि तांबडी माती, गोकाकला धबधबा ज्यावरून कोसळतो तो वालुकाश्म, निपाणी-चिकोडीकडे बेसॉल्टवरची काळी जमीन. पिकेही त्यानुसार: पश्चिमेला भात, निपाणीच्या माळावर तंबाखू, सोयाबीन आणि शाळू, नदीकाठाला ऊस. एका गावात लागू पडलेला सल्ला तीस किलोमीटरवर फोल ठरतो.

कठीण खडकाच्या प्रदेशातले पाणी कसे वागते, याचा अभ्यास करण्यासाठी रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने बेळगावात प्रादेशिक केंद्र उभारले, ते याच वैविध्यामुळे सयुक्तिक ठरते.

पंचाहत्तर मिलिमीटरचे काय होते?

पाणी जमिनीत किती वेगाने मुरते, ते मोजायची रीत अगदी साधी आहे. लोखंडाची दोन कडी, एकात एक, जमिनीत ठोकतात आणि दोन्हींत पाणी भरतात. बाहेरच्या कड्यातले पाणी आजूबाजूला पसरते, त्यामुळे आतल्या कड्यातले सरळ खाली उतरते. आतली पट्टी बघत दर काही मिनिटांनी आकडा लिहायचा. उन्हाळ्यातल्या काळ्या रानात सुरुवातीला पाणी भेगांतून भसाभस उतरते, पुन्हा पुन्हा ओतावे लागते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पट्टीवरचे पाणी जागचे हलेनासे होते. तांबड्या, मुरमाड रानात असा नाट्यमय फरक पडत नाही. तिथे पाणी मध्यम गतीने पण सतत मुरत राहते.

पहिल्या वळवाला काळे रान सगळे पाणी पिते आणि जुलैत तेच रान पाणी अंगाला लावून घेत नाही, याचे कारण हेच. अमेरिकेच्या मृद्संधारण खात्याने विसाव्या शतकाच्या मध्याला काढलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत मातीचा प्रकार, पीक आणि मशागत पाहून रानाला शंभरपैकी एक आकडा देते. आकडा जितका मोठा, तितके पाणी जास्त वाहून जाणार. भारतात ती वापरताना अभियंत्यांनी तिच्यात फेरफार केला. ओल्या काळ्या जमिनीसाठी सुरुवातीची जिरवण कमी धरली, इतर जमिनींसाठी जास्त.

आता एक गणित करून पाहू. ओल्या रानावर एका दिवसात ७५ मिलिमीटर पाऊस पडला. काळी, चिकण जमीन, ओळीत पेरलेले पीक, तास उताराच्या दिशेने: तक्त्यातला आकडा ८९. सूत्र सांगते की ५० मिलिमीटर वाहून जाईल, २५ मुरेल. त्याच रानात ताली धरल्या आणि पेरणी उताराला आडवी केली, तर आकडा ८१ होतो आणि वाहून जाणारे पाणी ३७ मिलिमीटरवर येते. फरक तेरा मिलिमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटरहून थोडे जास्त. तेव्हा एका पावसात, एका एकरात, केवळ कुरी आडवी फिरवल्याने आणि ताल राखल्याने पन्नास हजार लिटर पाणी रानातच थांबले. मध्यम जिरवण असलेल्या तांबड्या जमिनीत उताराने पेरले, तरी याच पावसात २३ मिलिमीटरच वाहते. म्हणून ताल बांधायचा पैसा मर्यादित असेल, तर तो आधी काळ्या उतारावर घालावा, हे या दोन ओळींच्या हिशेबातून कळते.

तंबाखूचे मोकळे रान

पाणी वाहते ते एकटे वाहत नाही. विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दहा हजारांहून अधिक वाफे-वर्षांच्या नोंदींवरून मातीच्या धुपीचे सूत्र बसवले, ते १९६५ साली पुस्तिकेच्या रूपात आले आणि १९७८ साली सुधारून निघाले. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी आणि तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय, या सगळ्यांचा गुणाकार म्हणजे हेक्टरी किती टन माती जाईल तो अंदाज.

गुणाकार आहे, हे महत्त्वाचे. बेरीज असती तर एका बाजूची सुधारणा बाकीच्यांत बुडाली असती. गुणाकारात कोणताही एक आकडा निम्मा झाला की अख्खे उत्तर निम्मे होते. पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाही, मातीचा पोत नाही, उतारही फारसा नाही. हातात राहतात दोनच गोष्टी: आच्छादन आणि बांधबंदिस्ती.

इथे निपाणीचा तंबाखू समोर येतो. विडीच्या तंबाखूची रोपे ऑगस्ट-सप्टेंबरात रानात लागतात आणि पीक जानेवारी-फेब्रुवारीत निघते. त्याआधीचे जून-जुलै रान कुळवून, तण मारून, स्वच्छ ठेवायचे ही इथली चांगल्या शेतकऱ्याची रीत. पावसाचा मारा सर्वांत जोरात असतो नेमका तेव्हाच. थेंब उघड्या ढेकळावर आदळतो, मातीचे कण उडतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वरती पातळ पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचे थांबते आणि गढूळ होऊन तासातासांतून उताराला लागते. सूत्रात मोकळ्या रानाचा आच्छादनाचा आकडा १ धरतात, म्हणजे धुपीला कसलीच आडकाठी नाही. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन दीड महिन्यात जमीन झाकते, तेव्हा हा आकडा झपाट्याने खाली येतो.

याचा अर्थ तंबाखू वाईट आणि सोयाबीन चांगले, असा काढला तर घाई होईल. तंबाखू मागच्या ओलीवर येतो, विहिरीला हात लावत नाही. पाण्याच्या खात्यात तो फार काटकसरी आहे. निपाणीतच धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र या पिकावर काम करते. रोपे लागेपर्यंत रानात ताग किंवा उडदासारखे काही झाकण असावे काय, असा प्रश्न मॉडेलला विचारता येतो. मात्र त्या पिकाने ओल खाल्ली तर तंबाखूला किती उरेल, हेही त्याच दमात विचारावे लागते.

एका हेक्टर उसामागे साडेबारा हेक्टर

ऊस धुपीच्या बाबतीत अतिशय चांगला: बारा-चौदा महिने रान झाकलेले, खोडव्याला पुन्हा नांगरट नाही. पाण्याच्या हिशेबात मात्र तो उलटा बसतो.

पीक किती पाणी उडवते ते काढण्याची सर्वमान्य पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केली. ऊन, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून आखूड, हिरव्या गवताची गरज आधी काढतात, मग पिकाच्या गुणकाने गुणतात. पूर्ण वाढलेल्या उसाचा गुणक १.२५, म्हणजे गवताच्या सव्वापट. वर्षाला उसाची गरज साधारण १५०० मिलिमीटर आणि त्याहून अधिक भरते. त्यातले पाचशे पावसाने भागवले, असे धरले तरी हजार मिलिमीटर बाहेरून द्यावे लागतात.

ते आणायचे कुठून? बेसॉल्टमध्ये पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि फटींत. अशा खडकात साठवणीला मिळणारी पोकळी जेमतेम दोन टक्के धरतात. म्हणून विहिरीची पातळी एक मीटर चढली, तर प्रत्यक्षात हाती आलेले पाणी वीस मिलिमीटर. आठशे मिलिमीटर पावसातला दहावा हिस्सा खाली मुरला, असे धरू: ऐंशी मिलिमीटर. विहीर चार मीटर वर येते, गावाला आनंद होतो. पण उसाला हवेत हजार. म्हणजे एका हेक्टर उसामागे साडेबारा हेक्टर शिवाराची मुरवण लागते, आणि बाकीच्यांनी प्यायला, जनावरांना, भाजीला काही घ्यायचे नाही, ही अट.

नदीकाठाला हे गणित जाणवत नाही, कारण तिथे पाणी वरून येते. वेदगंगेवर भुदरगड तालुक्यात पाटगावचे धरण, दूधगंगेवर राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीचे, ज्यात दोन्ही राज्यांचा वाटा आहे. तिथे अडवलेला सह्याद्रीचा पाऊस उन्हाळ्यात उपसा योजनांनी रानात चढतो. काठापासून दूर, निव्वळ बोअरवर ऊस लावणाऱ्या गावात मात्र साडेबारा हेक्टरची मुरवण एकाच्या पाइपातून निघते. बोअरची खोली वाढवल्याने मुरवण वाढत नाही, फक्त शेजाऱ्याची पातळी उतरते.

पाण्याबरोबर आलेले मीठ आणि धुरात गेलेला कर्ब

नदीचे गोडे पाणीही पूर्ण निर्मळ नसते. लिटरमागे दोनशे मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी चवीला उत्तम लागते. असे दीड हजार मिलिमीटर पाणी एका हेक्टरला दिले, तर वर्षाला तीन टन क्षार रानात येतात. पाणी पीक उडवते, क्षार मागे राहतात. पाऊस आणि निचरा यांनी ते धुऊन नेले, तर ठीक. निचरा तुंबला की पाणथळ होते, मीठफूट दिसू लागते आणि रान चोपण होते. कृष्णाकाठच्या शिरोळ, अथणी, रायबागच्या पट्ट्यात हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचे मोठे काम उभे केले, त्याची दखल सगळीकडे घेतली गेली. मात्र पाइपवाटे निघालेले खारे पाणी कुठल्या ओढ्यात सोडायचे, हा प्रश्न खालच्या गावाच्या हिशेबात लिहावाच लागतो.

कर्बाचे गणित वेगळ्या घराण्याचे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड केंद्रावर १८४३ सालापासून शेतीचे प्रयोग अखंड चालू आहेत. त्या नोंदींवर बसवलेले मॉडेल मातीतल्या सेंद्रिय द्रव्याचे पाच वाटे करते. काही महिन्यांत कुजणारा, हळू कुजणारा, जिवाणूंचा, टिकाऊ ह्यूमसचा आणि न बदलणारा. आपल्याकडे ते डोक्यात ठेवून हिशेब मांडू. वरच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये हेक्टरी सुमारे १९५० टन माती असते, म्हणून सेंद्रिय कर्ब ०.५ वरून ०.६ टक्क्यांवर न्यायचा तर दोन टन कर्ब वाढायला हवा. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन निघते. आठ टनांत कर्ब सव्वातीन टनांच्या आसपास. आपल्या उष्ण हवेत त्यातला बहुतेक वायू होऊन जातो. दहावा हिस्सा टिकला, तर दरसाल सुमारे एक तृतीयांश टन. म्हणजे एक दशांश टक्का चढायला सहा वर्षे, तीही जुना कर्ब आहे तिथेच राहिला तर. पाचट पेटवले की हे खाते शून्य.

नांगर हा जुना कर्ब उघडा पाडतो. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर नांगरणी टाळून ऊस-भात पिकवण्याचा प्रयोग दीर्घकाळ करत आले आणि त्याविषयी सातत्याने लिहीत आले. त्यांचा आग्रह या मॉडेलच्या भाषेत वाचला, तर तो टिकाऊ वाट्याला हात न लावण्याचा आहे.

नऊ गुंठ्यांची चौकट

पाणी, माती, कर्ब ही सगळी खाती एकत्र चालवणारी मोठी मॉडेलेही आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यात जेफ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी घडवलेले ‘स्वॉट’ जगभर वापरले जाते. ते उंचीच्या नकाशावरून नदीचे खोरे स्वतः आखते आणि एकसारखी माती, एकसारखा उतार, एकसारखे पीक असलेले तुकडे पाडून प्रत्येकाचा रोजचा हिशेब मांडते. वेदगंगेचे खोरे त्याला भुदरगडपासून निपाणीपर्यंत एकच दिसते. राज्याची सीमा त्याला माहीतच नसते. माणसांना मात्र असते. अर्धा पाऊस एका राज्याच्या नोंदवहीत, अर्धा दुसऱ्याच्या, मातीचे नकाशे वेगळ्या वर्गवारीने काढलेले. ते जुळवण्यातच अभ्यासकाचा बराच वेळ जातो. हे जुळवणे चैनीचे काम नव्हे. २०१९ आणि २०२१ साली यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूरु महामार्गावर आले, तेव्हा वरच्या खोऱ्यातला पाऊस खालच्या रानाचे काय करतो, हे साऱ्यांनी पाहिले.

या मॉडेलची एक उणीव इथल्या शेतकऱ्याने जरूर ओळखावी. उंचीचा सहज मिळणारा उपग्रही नकाशा तीस मीटरच्या चौकटींचा असतो. एक चौकट नऊशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. भावकीत वाटण्या झालेल्या रानात नऊ गुंठ्यांत दोन मालक, तीन पिके आणि एक ताल असू शकते. ताल त्या नकाशात दिसतच नाही. तिची माहिती कुणी गावातून नेऊन भरली, तरच ती हिशेबात येते.

मॉडेल खरे की खोटे, हे तपासायला नदीत मोजलेला प्रवाह आणि मॉडेलने काढलेला प्रवाह शेजारी ठेवतात. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० साली दिलेल्या कसोटीत पूर्ण जुळणीला १ गुण, आणि नुसती सरासरी सांगितल्याइतकेच जमले तर ०. पण चांगला गुण मिळूनही मॉडेल चुकीच्या कारणाने बरोबर असू शकते. मुरवण जास्त आणि उपसा जास्त धरला, तरी नदीचा आकडा तोच येतो. ही गल्लत पकडायची तर नदीबरोबर विहिरींच्या पातळ्याही लागतात.

ज्या रकान्यावाचून हिशेब अपुरा

सगळी खाती एका पानावर मांडली की एक गोष्ट नजरेत भरते. तंबाखू पाणी वाचवतो आणि माती घालवतो. ऊस माती धरतो, पाणी पितो आणि मीठ मागे ठेवतो. सोयाबीन दोन्हींत मध्यम, पण मागे काड फार ठेवत नाही. एकही पीक सर्व रकान्यांत जिंकत नाही. टिकाऊ शेती म्हणजे अमुक एक पीक, असे ठणकावून सांगणारा बहुधा एकच रकाना वाचत असतो.

आणि शेतकरी रान मोकळे ठेवायचे की झाकायचे, हे धुपीचे सूत्र पाहून ठरवत नाही. भाव पाहून ठरवतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखला, ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे बळी गेले, ते भावासाठी. उसाला किमान दराची हमी आहे, कारखान्याची टोळी रानात येऊन तोडणी करते. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण बहुतेक विक्री बाजारात जे मिळेल त्यावर होते. त्यामुळे मॉडेलने ऊस कमी करा म्हटले आणि भावाचा रकाना कोरा ठेवला, तर ते उत्तर गावात कुणी वापरणार नाही. माती-पाण्याच्या गणितात पैशाचे गणित जोडणारी मॉडेले आहेत. ती जास्त वापरली गेली पाहिजेत.

दुसरी कमतरता आकड्यांची, आणि ती गावाच्या हातातली आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवारा’तून त्यांनी शेतकऱ्यांना पानांचे क्षेत्र आणि त्यांवर पडणारे ऊन मोजून उत्पादनाचा अंदाज काढायला शिकवले. मोजमाप प्रयोगशाळेची मक्तेदारी नाही, हे त्यांनी दक्षिण महाराष्ट्रात रुजवले. हिवरे बाजार या गावाचे लोक दरवर्षी पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवतात. त्यांच्या ताळेबंदात सूत्रे साधी असतात, आकडे मात्र स्वतःचे.

निपाणी-बेळगावच्या एखाद्या गावाला असे काम सुरू करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक आणि रोज सकाळी साडेआठची नोंद. वर-मध्ये-खाली अशा तीन विहिरींची पातळी, पावसाळ्याआधी आणि नंतर टेपने मोजलेली. प्रत्येक रानाचा माती परीक्षणाचा कर्बाचा आकडा, दर तीन वर्षांनी त्याच जागेवरून. बांधाजवळ एक खुणेचा लोखंडी गज, दरसाल किती उघडा पडतो किंवा किती गाडला जातो ते पाहायला. पाच वर्षांच्या अशा वहीने दोन कामे होतील. गाव आपले साडेबारा हेक्टरचे गणित स्वतः करू शकेल, आणि बेळगावच्या किंवा धारवाडच्या संशोधकाचे मॉडेल आपल्या शिवाराबाबत कुठे चुकते, ते त्याला पुराव्यानिशी दाखवू शकेल. नदी दोन राज्यांची आहे, म्हणून वरच्या आणि खालच्या गावांनी ही वही सारख्या नमुन्यात ठेवली, तर तिचा उपयोग दुप्पट.